स्प्रे शेवटी, टॉर्च आधी: घरातल्या किड्यांचा बंदोबस्त कुठल्या क्रमानं करायचा

वळवाचा पहिला दणका बसला की आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, "कुठला स्प्रे चांगलाय?" मग कोणतरी फोटो टाकतं, कोणतरी शेतातल्या औषधाचं नाव सांगतं, आणि पंधरा दिवसांनी तोच माणूस परत विचारतो की कायच फरक पडला नाही, आता काय करू. मी सांगलीत राहतो, सासुरवाडी पाटण तालुक्यात, म्हणजे एकीकडं कृष्णाकाठचा दमट उकाडा आणि दुसरीकडं चार महिने न थांबणारा पाऊस, दोन्हीकडचे किडे बघून झालेत. बहुतेक ठिकाणी औषध बरोबर असतंय, क्रम चुकतो. लोक आधी मारतात, मग बघतात काय मेलं. खाली टप्प्यांनी लिहितोय, तुमच्याकडं जो किडा असेल त्याचा टप्पा वाचा, पण पहिले तीन टप्पे सोडू नका.

सुरुवातीलाच: ह्या चार गोष्टी घरात आणू नका

१) शेतातलं औषध. आपल्या भागात प्रत्येक घरात कोणाची तरी द्राक्षबाग नाहीतर ऊस असतोच आणि शेडमध्ये अर्धी बाटली पडलेली असते. ते औषध उघड्या रानात पिकावर मारायचं म्हणून बनवलेलं असतं, बंद खोलीत गादीवर मारायला नाही.

२) नुवान आणि थायमेट. डायक्लोरव्हॉस आणि फोरेट ही त्यांच्यातली मूळ औषधं, दोन्हींवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. तरी जुना डबा माळ्यावर सापडतोच, आणि "साप येऊ नये म्हणून" थायमेटचे दाणे अंगणात टाकणारे लोक मी स्वतः बघितलेत. त्याच अंगणात कोंबड्या असतात, पोरं खेळतात.

३) सेल्फॉसच्या गोळ्या, म्हणजे धान्यातले किडे मारायच्या विषारी गोळ्या. ह्याबद्दल धान्याच्या टप्प्यात परत बोलणार आहे, कारण तिथं जीव जातो.

४) सुट्टं, बिनलेबलचं औषध. पाण्याच्या बाटलीत भरून दिलेलं तर अजिबात नको.

औषध घेताना लेबलवर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. घरात वापरायला लाल-पिवळ्याच्या वाट्याला जाऊच नका.

सामान काय लागतंय

चांगली टॉर्च, जुना टूथब्रश, स्क्रू ड्रायव्हर, पांढरे कागद, चिकट सापळे चार-पाच, रबरी हातमोजे, मास्क, सिलिकॉनची ट्यूब नाहीतर व्हाइट सिमेंट, आणि एक वही. वहीला हसू नका, तारीख लिहिली नाही तर दुसरा हात कधी मारायचा ते कोणाच्याच लक्षात राहत नाही.

टप्पा १: ओळख पटवा

रात्री अकराच्या पुढं, स्वयंपाकघरातली लाईट बंद करून तासाभरानं टॉर्च घेऊन आत जा. सिंकखाली, फ्रिजच्या मागं, गॅसच्या ओट्याखाली बघा. दिवसा झुरळ दिसत नाही म्हणजे झुरळ नाही असं नसतं, आणि दिवसाढवळ्या दिसायला लागली तर समजा लपायला जागा पुरत नाहीये एवढी झालीत.

काय दिसलं त्यावरनं पुढचं ठरतं:

- बोटाच्या पेराहून लहान, फिक्कट तपकिरी, डोक्याच्या मागं दोन काळ्या उभ्या रेघा: हे बारकं झुरळ. घरातच राहतं, घरातच वाढतं. टप्पा ४.
- मोठं लालसर, चांगलं दीड इंचाचं, बाथरूममध्ये दिसणारं: हे गटारातनं येतं. त्याला जेल लावत बसू नका, जाळी लावा.
- लाकडातनं बारीक पीठ पडतंय, छोटी गोल भोकं आहेत: भुंगा. माती दिसत्येय, मातीच्या नळ्या भिंतीवरनं चढल्यात: वाळवी. हा फरक लोक सर्रास चुकतात. आपल्याकडची नेहमीची वाळवी मातीशिवाय चालत नाही, भुंगा मातीला हातही लावत नाही.
- गादीच्या शिवणीला काळे ठिपके, शाईचा थेंब पडल्यासारखे: ढेकूण.
- जुन्या पुस्तकात, साड्यांच्या घडीत चंदेरी, चपळ, शेपटीला तीन केस: कसर. ही ओल आणि खळ-डिंकावर जगते. कपाट रिकामं करून उन्हात वाळवा, डांबर गोळ्या लहान पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, विषय संपला.

आणि एक, जूनमध्ये ट्यूबलाईटवर धडाधड आपटणारे जाडे तपकिरी भुंगेरे असतात ना, ते हुमणीचे. पहिल्या पावसानंतर जमिनीतनं निघतात आणि कडुलिंबाच्या, बाभळीच्या झाडावर पाला खायला जमतात. उसाचं वाटोळं करतात ते त्यांच्या अळ्या, तुमच्या हॉलचं ते काय करत नाहीत. बाहेरची पांढरी लाईट काढून पिवळ्या उजेडाचा बल्ब लावा, संध्याकाळी सात ते नऊ खिडक्या बंद ठेवा. ह्यांच्यावर स्प्रे मारणं म्हणजे पैसे जाळणं.

✔ चेक: चिकट सापळे रात्री भिंतीच्या कडेला ठेवून सकाळी बघा. कुठल्या सापळ्यात जास्त सापडले, तिकडंच वस्ती. वहीत लिहा.

टप्पा २: पाणी तोडा, मग खाणं

लोक उलटं करतात, डबे घट्ट लावतात आणि सिंकखालचा पाईप ठिबकत ठेवतात. झुरळ उपाशी बरेच दिवस काढतं, तहानेलं फार काढत नाही. म्हणून आधी सिंकचा पाईप, फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, फिल्टरखालची ओल, रात्री भिजत पडलेला भांड्याचा स्पंज, ओला पोछा. हे आठवडाभर करा आणि मग पुढं जा.

खाण्याचं म्हणाल तर खरकटी भांडी, कचऱ्याची बादली आणि कुत्र्या-मांजराची रात्रभर भरलेली वाटी ह्या तीनच गोष्टी. आणि गुळाची ढेप. फडक्यात गुंडाळलेली ढेप म्हणजे मुंग्यांना घातलेलं जेवणच, ती फोडून घट्ट झाकणाच्या डब्यात घाला.

टप्पा ३: फटी बंद करा, पण सगळ्या नाही

पाईप जिथं भिंतीत शिरतो तिथली गोल फट, ओट्याची टाईल आणि भिंत ह्यातला सांधा, दाराखालची फट, खिडकीच्या जाळीचं फाटलेलं टोक. नहाणीच्या जाळीखाली पाण्याचा सापळा असतो, न वापरातल्या बाथरूमचा तो आटून जातो आणि मग गटारातलं झुरळ सरळ वर येतं. आठवड्यातनं एकदा त्यात तांब्याभर पाणी ओता, एवढंच काम आहे.

⚠ ज्या फटीत किडे आत्ता राहतायत ती लगेच बुजवू नका. आधी तिथं औषध-आमिष ठेवून वस्ती मोडा, मग बुजवा. नाहीतर ते दुसरीकडनं बाहेर येतात. आणि वाळवीच्या नळ्यांना तर टप्पा ७ वाचल्याशिवाय हातच लावू नका.

टप्पा ४: बारकी झुरळं, जेल

इथं मी स्वतः माती खाल्लीये म्हणून जरा लांबड लावतो. पहिल्यांदा जेल आणलं तेव्हा मी काय केलं, आधी संध्याकाळी सगळीकडं स्प्रे मारला, "थोडी कमी होऊदेत" म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी जेल लावलं. एका पण झुरळानं खाल्लं नाही. कारण स्प्रेचा वास आणि थर त्यांना पळवून लावतो, जेल त्यांना बोलवायचं असतंय. दोन्ही एकाच जागी चालत नाहीत. वर स्प्रेमुळं स्वयंपाकघरातली पांगून बेडरूमच्या कपाटात गेली ते वेगळंच.

बरोबर क्रम असा:

१) कॅबिनेट रिकामी करा, साबणाच्या पाण्यानं पुसा, कोरडी करा. फिनेल नको, त्याचा वास राहतो. आधी स्प्रे मारलेला असेल तर दोन-तीनदा पुसून आठवडाभर थांबा.

२) फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असलेलं जेल घ्या, सिरिंजमध्ये मिळतं.

३) थेंब मोहरीपेक्षा मोठा, मसुरापेक्षा लहान. एकाच जागी मोठा गोळा ठेवायचा नाही, लहान-लहान बरेच ठेवायचे. साध्या स्वयंपाकघराला वीस-तीस थेंब लागतात.

४) जागा: कॅबिनेटच्या बिजागरापाशी, ड्रॉवरच्या रुळाच्या टोकाला, फ्रिजच्या मागं खालच्या बाजूला, मिक्सरच्या बुडाशी, सिंकखाली पाईपच्या बेचक्यात, सिलिंडरच्या ट्रॉलीखाली. जिथं काळी मिरीपूड सांडल्यासारखी विष्ठा दिसते तिथं जास्त. तव्याची धग लागते तिथं नको, आणि जिथं रोज फडकं फिरतं तिथंही नको, नाहीतर कामवाल्या मावशी सकाळी पुसून टाकतात आणि तुम्ही म्हणता जेल डुप्लिकेट होतं.

५) तिसऱ्या दिवशी बघा. जे थेंब खाल्ले गेले तिथं परत भरा, जे तसेच वाळले ते काढून दुसरीकडं लावा.

६) दोन ते तीन आठवड्यांनी दुसरा हात. हा सोडायचाच नाही. ह्या झुरळाच्या एका अंड्याच्या पाकिटात तीस-चाळीस पिल्लं असतात, पाकिटाच्या आतल्यांना जेल लागत नाही, ती नंतर बाहेर पडतात. पहिल्या हातानंतर एकदम शांत झालं म्हणून लोक थांबतात आणि दोन महिन्यात पहिल्यासारखं.

पहिल्या आठवड्यात मधेच उघड्यावर झिंगलेली झुरळं दिसतील, घाबरून स्प्रे मारू नका. ती मेली की दुसरी त्यांना खातात आणि तीपण मरतात, तेच तर पायजे आपल्याला.

✔ चेक: सापळ्यातला आकडा वहीत. महिन्यानं अर्ध्याच्या खाली आला नसेल तर पाणी कुठंतरी चालू आहे, टप्पा २ परत.

टप्पा ५: मुंग्या

खडूची रेघ मारली की मुंगी रस्ता बदलते, वारूळ तसंच. त्यापेक्षा अर्धा चमचा बोरिक पावडर, आठ चमचे साखर, एक कप कोमट पाणी, नीट विरघळवा आणि कापसाचा बोळा भिजवून बाटलीच्या झाकणात रांगेच्या कडेला ठेवा. बोरिक जास्त घालू नका, जास्त झालं की कामकरी मुंगी वाटेतच मरते आणि आतल्या राणीपर्यंत काय पोचत नाही. पहिल्या दिवशी मुंग्या वाढतात, वाढूदेत. रांग पुसू नका. चार-पाच दिवस धीर धरा.

⚠ झाकण पोरांच्या आणि मांजराच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, गोड आहे ते.

टप्पा ६: ढेकूण

ढेकूण घाण घरात होतात हा गैरसमज आधी काढा डोक्यातनं. ते पिशवीतनं येतात. आमच्याकडं आले ते मिरजेतनं, नातेवाईकाचं ऑपरेशन होतं, चार रात्री दवाखान्यात आणि जवळच्या लॉजवर आळीपाळीनं झोपलो, बॅगा खाली जमिनीवर, आणि घरी आल्यावर बॅग सरळ बेडवर टाकली. झालं. महिनाभर सगळे म्हणत होते डास चावतायत.

म्हणून परगावाहून आलात, दवाखान्यातनं आलात, पोरगं हॉस्टेलवरनं आलं, तर बॅग बाल्कनीत, कपडे सरळ गरम पाण्यात, बॅगेच्या शिवणी टॉर्चनं बघायच्या.

आले असतील तर:

१) खोली बदलू नका. हॉलमध्ये झोपायला गेलात की चार दिवसात ते पण हॉलमध्ये.

२) चादरी, उशांचे अभ्रे, पडदे तिथल्या तिथं प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधा आणि मगच बाहेर न्या. उघडे नेलेत तर जाताजाता सगळीकडं पेरत जाता. ६० अंशाच्या पाण्यात धुवा, वाळल्यावर शिवणींवरनं कडक इस्त्री.

३) जे धुता येत नाही ते काळ्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर, पातळ थरात, दिवसभर. आतलं तापमान ५० अंशाच्या वर जाऊन तिथं काही तास टिकलं पाहिजे, नुसती गादी उन्हात टाकली तर ढेकूण सावलीच्या बाजूला सरकून बसतात. जाड गादीच्या मधोमध ऊन पोचत नाही हे पण खरं.

४) पलंग-दिवाण खोला. स्क्रू काढा, सांधे टूथब्रशनं घासा, उकळतं पाणी ओता. प्लायवूड असेल तर पाण्यानं फुगेल, तिथं वाफेची नळी वापरा. पलंगामागचं कॅलेंडर, फोटोची चौकट, स्विचबोर्डाची कड विसरू नका. बोर्डावर पाणी अर्थातच नाही.

५) पलंग भिंतीपासून हातभर लांब, चादर जमिनीला टेकता कामा नये, चारी पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या. आणि झोपायचं त्याच पलंगावर. ऐकायला कसंतरी वाटतं, पण मोकळा पलंग ठेवला तर ते तुम्हाला शोधत घरभर फिरतात.

६) फटींमधलं औषध पेस्ट कंट्रोलच्या माणसाकडनंच करून घ्या, आणि दहा ते चौदा दिवसांनी परत, गरज पडली तर तिसऱ्यांदा. अंडी साधारण आठवडा-दीड आठवड्यात फुटतात, त्यामुळं एकाच फेरीत जाणार म्हणणारा माणूस थापा मारतोय. नेहमीच्या स्प्रेंना बरेच ढेकूण आता दाद देत नाहीत हेही लक्षात ठेवा.

⚠ रॉकेल, पेट्रोल गादीवर ओतू नका. आग लागते, ढेकूण जात नाहीत.
⚠ "महिनाभर घर बंद ठेवू, उपाशी मरतील" हे होत नाही. मोठा ढेकूण काही महिने उपाशी काढतो.

टप्पा ७: वाळवी

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी लाईटभोवती पंखवाले किडे येतात आणि सकाळी खिडकीत नुसत्या पंखांचा ढीग. ते वाळवीचे की मुंगीचे हे बघा: वाळवीचे चारी पंख सारख्या लांबीचे, कंबर जाडसर, मिशा सरळ. पंखवाल्या मुंगीची कंबर बारीक आणि मिशा कोपरात वाकलेल्या, पुढचे पंख मोठे. बाहेरून उडत आले असतील तर फार चिंता नाही. पण भिंतीच्या सांध्यातनं, चौकटीच्या बुडातनं बाहेर पडताना दिसले तर घराखालीच वस्ती आहे.

सगळ्यात मोठी चूक इथं होते. मातीची नळी दिसली की आपण झाडूनं खरडून काढतो, वरनं डिझेल लावतो, भिंत रंगवतो. वाळवी जमिनीत असते, वर येते ती फक्त तिची वाट. वाट मोडली की ती शेजारनं दुसरी करते, आणि औषधवाला आल्यावर त्याला दाखवायला तुमच्याकडं काही उरत नाही.

१) नळीचा फक्त बोटभर तुकडा मोडा, पेननं बाजूला तारीख लिहा. दोन-तीन दिवसात बुजवला तर चालू वस्ती. फोटो काढा.

२) लाकूड ठोकून बघा, चौकट, खिडकी, माळ्याची फळी. पोकळ आवाज आला तिथं स्क्रू ड्रायव्हर टोचा.

३) भिंतीला टेकलेलं सगळं हलवा. जळण, जुनी रद्दी, पुठ्ठ्याचे खोके, गावाकडं पाचट आणि वैरण. कपाट चार बोटं पुढं ओढा. नळाची, संडासाची गळती आधी दुरुस्त करा, ओल आहे तोवर ती येत राहणार.

४) मग ड्रिलिंग. बांधलेल्या घराला वाळवीचं औषध कसं द्यायचं ह्याचं भारतीय मानक आहे, आयएस ६३१३ भाग ३. ढोबळ असं की फरशी आणि भिंतीच्या सांध्यात १२ मिलीमीटरची भोकं, साधारण ३० सेंटीमीटरवर एक, त्यात दाबानं औषध, मग सिमेंटनं बंद. चौकटीला वेगळी, लहान, तिरकी भोकं. माणूस आला आणि नुसता पंप घेऊन भिंतीवर फवारून गेला तर ते वाळवीचं काम नाही. आमच्याकडं एकजण असाच येऊन गेला, वास मस्त होता, वाळवी तशीच.

५) भोकं मारताना तुम्ही तिथं उभे राहा. दोन भोकात पट्टी लावून अंतर बघा. फरशीखालनं लाईटची वायर, पाण्याचा पाईप कुठनं गेलाय ते आधी सांगा.

⚠ भिंतीलगत आड, बोअर किंवा जमिनीतली पाण्याची टाकी असेल तर काम सुरू व्हायच्या आधी सांगा. औषध पाण्यात उतरलं तर काढता येत नाही.

पाटण-वाईकडच्या जुन्या दगडमातीच्या घरात भिंतीत पोकळ्या असतात, औषध एका भोकात घातलेलं कुठं निघेल नेम नाही, म्हणून तिथं थोडं-थोडं, थांबत घालायला सांगा. आणि नवीन घर बांधत असाल तर जोत्याच्या आतली भर टाकून झाली की, कोबा करायच्या आधीच औषध होतं. तेव्हा वाचवलेले पैसे नंतर फरशीला भोकं पाडून भरायला लागतात.

टप्पा ८: वर्षाचं धान्य

शाळू, गहू, तांदूळ भरून ठेवायची पद्धत अजून आहे आपल्याकडं, आणि सोंडे-पोरकिडे ऑगस्टला निघाले की "पावसानं झाले" म्हणतात. पावसानं नाही, मे महिन्यातच आत होते. सोंडे दाण्याला भोक पाडून आत अंडी घालतात आणि वरनं बुजवून टाकतात, अळी आतच वाढते. म्हणून चाळून-पाखडून स्वच्छ दिसलेलं धान्य महिन्याभरानं परत भरतं.

१) कोठी पूर्ण रिकामी. तळाचं जुनं धान्य नव्यात मिसळू नका, ह्या एका चुकीनं बाकी सगळी मेहनत वाया. सांधे ब्रशनं घासा, कोठी उन्हात पालथी.

२) धान्याला कडक ऊन, दोन-तीन दिवस, दोन इंचाचा थर, दर तासाला हात फिरवून.

३) संध्याकाळी गोळा करून रात्रभर गार होऊदे, सकाळी भरा. तापलेलं धान्य सरळ कोठीत भरलं की आत घाम सुटतो आणि वरच्या थराला बुरशी. आमच्या घरी ही चूक वर्षानुवर्षं चालू होती, "ऊन-ऊन भरलं की किडे मरतात" म्हणून.

✔ चेक: दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. चेपला तर अजून एक दिवस ऊन.

४) काठोकाठ भरा, झाकणाला फट ठेवू नका. अर्धी भरलेली कोठी म्हणजे आत किड्यांना हवा. रोज काढायला वेगळा छोटा डबा.

५) कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत खडखडीत वाळवून. हिरवा घातला तर ओल आपणच आत नेली.

६) अख्खी कडधान्यं सगळ्यात आधी भुंग्याला बळी पडतात, डाळ तेवढी नाही. म्हणून तूर, हरभरा जमेल तेवढा उन्हाळ्यात भरडून घ्या. अख्खं ठेवायचं ते किलोला एक चमचा खायचं तेल चोळून.

७) कोठी जमिनीवर नाही, पाटावर, भिंतीपासून वीतभर लांब. पावसाळ्यात महिन्यातनं एकदा मधोमध हात घाला. आत ऊब लागली तर किडे आहेत, दिसायची वाट बघू नका.

तांदूळ थोडाच असेल तर पिशवी बांधून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये, अंड्यासकट काम होतं.

⚠ बोरिक पावडर धान्यात कालवायची नाही, ते खाण्याची वस्तू नाही. पारद टिकड्या मी ठेवत नाही, नावातच पारा आहे.

⚠⚠ सेल्फॉस, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतल्या ओलीनं ह्यातनं फॉस्फीन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं उठत नाहीत. त्यावर उतारा नाही. ती गोदामाची, शिकलेल्या माणसानं वापरायची गोष्ट आहे, ओळखीनं मिळाली तरी राहत्या घरात एकसुद्धा गोळी नको. कोठीत आधीच टाकली असेल तर शोधायला हात घालू नका, दारं-खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर काढा आणि मग माहितगार माणसाला बोलवा. मळमळ, धाप, छातीत दडपण वाटलं की १०८, वाट बघायची नाही.

टप्पा ९: डास

एकच दिवस ठरवा, आमच्याकडं शुक्रवार. बॅरल, हौद, कुलर, कुंड्यांखालच्या थाळ्या, फ्रिजचा ट्रे, गच्चीवरचं टायर, सगळं रिकामं. डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासनं डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातनं एकदा, पंधरवड्यातनं नाही.

नुसतं पाणी ओतून देणं ही चूक. अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी कित्येक महिने टिकतात, परत पाणी भरलं की फुटतात. म्हणून काथ्यानं घासून, धुवून, वाळवून मगच भरायचं. मोठा हौद रिकामा होत नसेल तर गप्पी मासे सोडा, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. आणि हा डास दिवसा चावतो, नुसती रात्रीची कॉईल लावून समाधान मानू नका.

टप्पा १०: पूर येऊन गेल्यावर

सांगलीकरांना हे सांगायला नको, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका हे पोरांना पण पाठ आहे. २०१९ आणि २०२१ नंतर आमच्या गल्लीत लोकांनी जी घाई केली तेवढी सांगतो. गाळ निघाला की लगेच पेस्ट कंट्रोल बोलवलं, ओल्या भिंतीवर औषध मारून घेतलं, पैसे गेले. आधी गाळ, मग भिजलेलं धान्य, गाद्या, प्लायवूड सरळ बाहेर (भिजलेलं धान्य वाळवून खायचा मोह आवरा), मग गटाराच्या जाळ्या, मग पंखे लावून भिंती कोरड्या, आणि त्यानंतर वाळवीवाल्याला बोलवून जुनं काम तपासायला सांगा, कारण फरशीखालची माती हललेली असते.

भिंतीवर, पुस्तकांवर पिठासारखे पांढरे, हलणारे, टाचणीच्या टोकाएवढे किडे दिसले तर ती ढेकणाची पिल्लं नाहीत. ते बुरशी खातात. बुरशी ब्रशनं ओल्या फडक्यात टिपून घ्या, कोरडी झाडू नका नाहीतर खोकत बसाल, खिडक्या उघड्या टाका, भिंत पूर्ण वाळल्यावर चुना मारा. आमच्याकडं २०१९ ला दसऱ्यापर्यंत गेले, औषध एक थेंब वापरलं नाही, फक्त लाईट बिल तेवढं वाढून आलं.